गुप्त ग्राहकाचे आजारपण आणि वेळेवरचा निरोप

बंगळुरूच्या आग्नेय भागातील कोरमंगला ही एकेकाळची निवांत निवासी वसाहत गेल्या काही दशकांत पार बदलून गेली आहे. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी येथे क्रीडाग्राम उभारण्यात आले, २००४ मध्ये फोरम मॉल सुरू झाला, आणि २००७ मध्ये याच परिसरातून फ्लिपकार्टचा व्यवसाय आकारास आला. आज ऐंशी फुटी रस्त्यावरून फेरफटका मारला, तर उपाहारगृहे, कपड्यांची दालने, मोबाइलची दुकाने, व्यायामशाळा आणि अनेक बँकांच्या शाखा एकामागून एक दृष्टीस पडतात. आपल्या दालनात ग्राहकाशी कसे वागले जाते, हे या आस्थापनांच्या मुख्य कार्यालयांना दूर बसून समजत नाही. ते जाणून घेण्यासाठी ज्या पद्धतीचा आधार घेतला जातो, ती ‘मिस्टरी शॉपिंग’ या नावाने ओळखली जाते. सामान्य ग्राहकाप्रमाणे दालनात जायचे, ठरवून दिलेली चौकशी किंवा खरेदी करायची, ओळख उघड होऊ द्यायची नाही आणि परत आल्यावर प्रश्नावली भरून अहवाल द्यायचा, असे या कामाचे स्वरूप असते. गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी आणि फावल्या वेळात चार पैसे मिळवू इच्छिणारे नोकरदार हे काम करतात. नोकरी किंवा शिक्षणासाठी बंगळुरूत आलेल्या मराठी कुटुंबांनाही ते सोयीचे वाटावे असेच आहे, कारण त्यात वेळेचे बंधन कमी आहे, निदान वरवर पाहता तरी.

हे बंधन प्रत्यक्षात किती आहे, याची जाणीव बहुतेकांना आजारी पडल्यावरच होते. घेतलेली भेट तापामुळे करता येत नाही, तेव्हा काय करावे, कोणाला कळवावे आणि किती सांगावे, याविषयी नवोदितांच्या मनात संभ्रम असतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

ओळख लपवून पाहणी करण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्याच्या, गृहस्थाच्या आणि तापसाच्या वेषात वावरणाऱ्या हेरांचे वर्णन आले आहे. एकमेकांना अपरिचित अशा तिघांकडून एकच वार्ता आली, तरच तिच्यावर विश्वास ठेवावा, असा दंडकही तेथे घालून दिला आहे. आजच्या मिस्टरी शॉपिंगचा आधारही तोच आहे. एका भेटीवरून कोणत्याही शाखेविषयी मत बनविले जात नाही. अनेक व्यक्तींनी, अनेक दिवशी आणि निरनिराळ्या वेळी दिलेल्या भेटी एकत्र केल्या म्हणजे चित्र स्पष्ट होते.

बँकिंग क्षेत्राला ही पद्धत परकी नाही. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सहा मोठ्या संस्थांमध्ये २३१ गुप्त भेटी देण्यात आल्या होत्या. त्यांपैकी ११ टक्के भेटींत ग्राहकाला अयोग्य गुंतवणूक-सल्ला मिळाला, तर आणखी १५ टक्के भेटींत सल्लागाराने पुरेशी माहितीच विचारून घेतली नाही, असे आढळले. आपल्याकडे मोनिका हलन आणि रेणुका साने यांनी दिल्लीतील बँकशाखांमध्ये अशाच पद्धतीने अभ्यास केला. करबचतीचा मार्ग विचारणाऱ्या ग्राहकाला शाखेत काय सुचविले जाते, हे त्यांनी तपासले. २३१ हा आकडा लहान वाटला, तरी नियामकाचा निष्कर्ष त्याच भेटींवर उभा होता. म्हणूनच नियोजित भेटींपैकी एखादी न झाल्यास, किंवा न होताच झाल्याचे दाखविल्यास, एकूण चित्रात खोट राहते.

शेड्यूलरच्या टेबलावर काय चालते

गुप्त ग्राहक आणि ज्या कंपनीची तपासणी करायची ती कंपनी यांची गाठ कधीच पडत नाही. दोहोंच्या मध्ये मिस्टरी शॉपिंग संस्था असते, आणि त्या संस्थेत भेटींचे वाटप करणारी व्यक्ती म्हणजे शेड्यूलर. कोणत्या दालनाची भेट कोणत्या तारखांच्या दरम्यान, कोणत्या वेळेत आणि कशा प्रकारच्या ग्राहकाने करावयाची, हे आधीच ठरलेले असते. एका दालनात एकदा जाऊन आलेल्या व्यक्तीला तेथे पुन्हा काही महिने पाठविता येत नाही, अन्यथा कर्मचारी तिला ओळखण्याचा संभव असतो. काही कामांसाठी वयाची अट असते, काहींसाठी ठरावीक बँकेत खाते असण्याची, तर काहींसाठी चारचाकी वाहन असण्याची. एवढ्या चाळणीतून उरलेल्या मोजक्या नावांतून एकाची निवड झालेली असते.

ती व्यक्ती ऐनवेळी आली नाही, तर शेड्यूलरला ही चाळणी पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते, आणि तीही महिनाअखेर जवळ आलेली असताना. अंतिम मुदतीपर्यंत भेटी पूर्ण करून देण्याचे वचन संस्थेने आपल्या ग्राहक-कंपनीला दिलेले असते. कोरमंगलातील भेटीसाठी व्हाइटफील्डमध्ये राहणारी व्यक्ती मिळालीच, तरी बंगळुरूच्या वाहतुकीतून ती वेळेत पोहोचेल याची शाश्वती नसते. लांबून येणाऱ्याला जादा मानधन द्यावे लागते, आणि तो भार संस्थेवर पडतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे इष्ट ठरेल. शेड्यूलरला भेट रद्द झाल्याचे दुःख जेवढे नसते, तेवढे ती रद्द झाल्याचे न कळल्याचे असते. दोन दिवस आधी मोकळी झालेली भेट दुसऱ्याला देता येते. मुदत उलटून गेल्यावर रिकामी आढळलेली भेट मात्र कोणालाही देता येत नाही.

कायद्याची दृष्टी

आजारपणामुळे वैयक्तिक सेवेचा करार पाळता आला नाही, तर पुढे काय, हा प्रश्न कायद्याने फार पूर्वीच हाताळला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ५६ मध्ये अशक्य झालेल्या कृत्याच्या कराराविषयी तरतूद आहे. त्या कलमाखालील एक उदाहरण या विषयाशी तंतोतंत जुळते. एका नटाने आगाऊ रक्कम घेऊन सहा महिने रंगभूमीवर काम करण्याचे कबूल केले. काही प्रसंगी तो आजारपणामुळे काम करू शकला नाही. त्या त्या प्रसंगापुरता त्याचा करार निरर्थक ठरतो, असे हे उदाहरण सांगते. संपूर्ण करार मोडत नाही आणि नटाकडे दोषही जात नाही.

मात्र याला एक दुसरी बाजू आहे, आणि ती आदल्याच वर्षी इंग्लंडमधील एका खटल्यात समोर आली होती. रॉबिन्सन विरुद्ध डेव्हिसन या नावाने तो ओळखला जातो. अ‍ॅराबेला गोडार्ड या त्या काळच्या विख्यात पियानोवादक. १८७१ मधील एका जलशात वादन करण्याचे त्यांच्या वतीने ठरले होते. आजारपणामुळे त्यांना जाता आले नाही आणि त्यांनी तसे पत्राने कळविले. ते पत्र संयोजकाच्या हाती जलशाच्या दिवशीच पडले. संयोजकाने नुकसानभरपाईचा दावा लावला. वादन न केल्याबद्दल काहीही देणे लागत नाही, कारण प्रकृती ठीक असणे ही अशा कराराची गृहीत अटच आहे, असा न्यायालयाचा निर्णय झाला. तथापि, पत्राऐवजी तार केली असती तर निरोप लवकर पोहोचला असता, आणि त्या दिरंगाईमुळे संयोजकाला जो थोडा जादा खर्च सोसावा लागला, तेवढी किरकोळ रक्कम त्याला मिळाली.

दीडशे वर्षांपूर्वीच्या या निवाड्यात प्रस्तुत विषयाचे सार आले आहे. आजारपणामुळे काम न करण्याची सूट मिळते, कळविण्यातून सूट मिळत नाही. पत्र की तार, या प्रश्नाचे आजचे रूप म्हणजे ई-मेल की फोन. भेटीला तीन दिवस असतील, तर ई-मेल अथवा संस्थेच्या अ‍ॅपवरील रद्द करण्याची सोय पुरेशी होते. भेट दुसऱ्या दिवशी असेल, तर आधी फोन करावा आणि मग तेच लेखी कळवावे. लेखी निरोपाविना केलेला फोन विस्मरणात जाऊ शकतो, आणि फोनविना धाडलेला ई-मेल सोमवारी सकाळीच उघडला जाण्याची भीती असते.

कलम ५६ मध्ये आणखी एक कानमंत्र दडलेला आहे. आपण कबूल करीत असलेले काम आपल्याला अशक्य आहे हे ज्याला ठाऊक होते, किंवा थोड्या चौकशीने कळू शकले असते, आणि समोरच्याला मात्र त्याची कल्पना नव्हती, त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येते. अंगात ताप असताना, ‘तोवर बरे वाटेलच’ अशा भरवशावर नव्या चार भेटी घेऊन ठेवणाऱ्याने हा परिच्छेद अवश्य वाचावा.

अर्थात बहुतेक संस्था काम देण्यापूर्वी आपल्या अटी मान्य करून घेतात, आणि रद्द केलेल्या भेटींविषयीचे नियम त्यांत दिलेले असतात. प्रत्यक्षात कोणी न्यायालयात जात नाही. परिणाम होतो तो पुढील कामाच्या वाटपावर. न कळविता गैरहजर राहिल्याची नोंद नावापुढे राहते, आणि शेड्यूलर पुढच्या वेळी दुसरे नाव निवडतो.

निरोप कसा असावा

आजारी माणसाकडून साहित्यगुणांची अपेक्षा कोणी करीत नाही. तरीही निरोपात काही गोष्टी नसल्या, तर त्याचा उपयोग शून्य होतो. पुढील निरोप पाहावा:

“मॅडम, तब्येत बरी नाही. बघते, जमेल तसे करते.”

यात नम्रता आहे, प्रामाणिकपणाही आहे, परंतु शेड्यूलरला यातून काहीच ठरविता येत नाही. भेट रद्द समजावी की नाही? दुसऱ्याला द्यावी, तर मूळ व्यक्तीही जाऊन पोहोचायची आणि एकाच दिवशी दोन गुप्त ग्राहक एकच प्रश्न विचारताना दिसायचे! ‘जमेल तसे’ हे शब्द घरगुती व्यवहारात शोभून दिसतात, पण वेळापत्रकात त्यांना स्थान नाही. आता हाच निरोप निराळ्या प्रकारे पाहावा:

“नमस्कार मॅडम. शनिवारी सायंकाळी पाच ते आठ या वेळेतील कोरमंगला पाचव्या ब्लॉकमधील भेट तापामुळे मी करू शकणार नाही. कामाचा क्रमांक सोबत देत आहे. ती कृपया दुसऱ्या कोणाकडे सोपवावी. भेट सुरू केलेली नाही आणि कोणतीही खरेदी झालेली नाही. डॉक्टरांनी रक्ततपासणी सांगितली आहे, त्यामुळे नवी तारीख आज देत नाही. बुधवारची जयनगरची भेटही माझ्याकडे आहे. तिच्याविषयी सोमवारी दुपारी बारापर्यंत नक्की कळवते.”

हा निरोप लिहावयास पाच मिनिटेही लागत नाहीत. कोणती भेट, ती सोडली की पुढे ढकलावयाची, काम कोठवर आले आहे, हातात आणखी काय आहे आणि पुढचा निरोप केव्हा येईल, हे सर्व त्यात आले आहे. दालनाचे नाव त्यात नाही, हेही लक्षात घ्यावे. कोणत्या कंपनीची तपासणी चालू आहे ही बाब गोपनीय असते, आणि घाईने पाठविलेला निरोप भलत्याच गटात जाऊन पडल्याची उदाहरणे सर्वांच्याच परिचयाची असतील. कामाचा क्रमांक आणि परिसर एवढे सांगणे पुरेसे असते.

आजाराचा तपशील किती द्यावा, याविषयी मतभेद संभवतात. काही जण सलाइन लावलेल्या हाताचे छायाचित्र पाठवितात. त्याची काहीच आवश्यकता नाही. ‘ताप आहे’, ‘मूल आजारी आहे’, ‘डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे’, एवढे वाक्य सभ्य माणसाला पुरावे. संस्थेच्या अटींत वैद्यकीय प्रमाणपत्राचा उल्लेख असेल, तरच ते जोडावे. लांबलचक कहाणी सांगितल्याने विश्वास वाढतो असे नाही. अनेकदा उलटाच परिणाम होतो.

ताप उतरला म्हणजे बरे झाले असे नाही

नवी तारीख देण्याची घाई ही सर्वाधिक आढळणारी चूक होय. संकोचापोटी माणूस ‘परवा नक्की करतो’ असे म्हणून बसतो, आणि परवा पुन्हा माफी मागण्याची वेळ येते. पहिल्या रद्द झालेल्या भेटीपेक्षा दुसऱ्यांदा मोडलेला शब्द शेड्यूलरला अधिक जड जातो, कारण मधले दोन दिवस हातचे गेलेले असतात.

बंगळुरूच्या संदर्भात डेंग्यूचे उदाहरण विशेष बोलके आहे. २०२४ मध्ये या तापाचा प्रादुर्भाव एवढा वाढला की कर्नाटक शासनाने त्याला साथरोग म्हणून अधिसूचित केले. डेंग्यूचा ताप साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो, आणि रुग्णाला हायसे वाटते. परंतु ज्यांचा आजार गंभीर वळण घेतो, त्यांच्या बाबतीत ते वळण नेमके याच सुमारास येते. ताप उतरल्यानंतरचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास डॉक्टर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात ते यासाठीच. तीव्र पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे, अतिशय ग्लानी अशी लक्षणे दिसल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे लागते. शिवाय त्यानंतरचा अशक्तपणा कित्येकांना काही आठवडे पुरतो. तापमापकावरचा आकडा खाली आला म्हणून चौथ्या दिवशी भेटीचा शब्द देणारा माणूस आपली प्रकृती आणि आपला शब्द, दोन्ही पणाला लावतो. निदान होईपर्यंत भेट सोडून देणे आणि पूर्ण बरे झाल्यावर नवे काम मागणे, हाच मार्ग श्रेयस्कर ठरतो.

सर्दी-खोकल्यासारख्या संसर्गजन्य दुखण्यात आणखी एक विचार येतो. उपाहारगृहात, लहान मुलांच्या दालनात किंवा दवाखान्यात शिंकत जाणारा गुप्त ग्राहक गुप्तही राहत नाही आणि इतरांना आजार मात्र देऊन येतो.

अर्धवट राहिलेले काम

भेट झाली, पण अहवाल लिहिण्यापूर्वीच माणूस आडवा झाला, ही स्थिती निराळी आहे. अहवाल बहुधा बारा ते चोवीस तासांत द्यावयाचा असतो. अशा वेळी भेट झाल्याचे तत्काळ कळवून पावतीचे छायाचित्र, आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ व हाती असलेली टिपणे पाठवून द्यावीत, आणि उर्वरित अहवालासाठी मुदत मागावी. पुष्कळदा ती मिळते, कारण शेड्यूलरच्या दृष्टीने झालेली भेट वाया जाण्यापेक्षा अहवालाला एक दिवस उशीर होणे परवडणारे असते. खरेदीसाठी खिशातून खर्च झाला असेल, तर त्याची भरपाई मिळण्याच्या दृष्टीनेही हे उपयुक्त ठरते.

दोन पळवाटा मात्र कटाक्षाने टाळाव्यात. आपल्याऐवजी नवऱ्याला, बहिणीला किंवा शेजाऱ्याला पाठविणे ही पहिली. गोपनीयतेचा करार एका व्यक्तीशी झालेला असतो, आणि अहवालावर त्या व्यक्तीचे नाव असते. बदली माणूस पाठवायचाच असेल, तर शेड्यूलरची लेखी संमती आधी घ्यावी. दुसरी पळवाट अधिक गंभीर आहे. अंथरुणावर पडल्या पडल्या, मागच्या वेळच्या आठवणीवर भेट झाल्यासारखी प्रश्नावली भरून टाकणे म्हणजे उघड खोटेपणा होय. काउंटरमागे बसणाऱ्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने या गोष्टीकडे पाहावे. ‘स्वागत केले नाही’, ‘अकरा मिनिटे थांबावे लागले’, ‘मुदतठेवीचा व्याजदर नीट सांगितला नाही’, अशा प्रत्येक खुणेचा त्याच्या मूल्यमापनाशी संबंध असू शकतो. जी भेट झालीच नाही, तिच्याविषयी खुलासा तो कसा करणार?

अंगात ताप घेऊन दिलेल्या खऱ्या भेटीतही हा धोका थोड्या प्रमाणात असतोच. डोके ठणकत असलेल्या माणसाला पाच मिनिटांची रांग पंधरा मिनिटांची वाटते, आणि सौम्य बोलणेही रुक्ष भासते. शेड्यूलरला ‘येऊ शकत नाही’ असे सांगणारा गुप्त ग्राहक त्या अनोळखी कर्मचाऱ्यालाही न्याय देत असतो, ही बाजू सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

मानधन आणि संरक्षण

मिस्टरी शॉपिंग करणारी व्यक्ती संस्थेची कर्मचारी नसते. तिला दर भेटीमागे मानधन मिळते. कर्मचारी राज्य विमा योजनेखालील कामगाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने लाभ मिळू शकतो. दर भेटीवर काम करणाऱ्याला तशी सोय नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेर काम करणाऱ्यांना ‘गिग कामगार’ म्हणून प्रथमच कायद्यात स्थान मिळाले. यामुळे अंथरुणात काढलेल्या दिवसाचे मानधन मात्र मिळू लागलेले नाही. या उत्पन्नावर घरखर्चाचा काही भाग अवलंबून असेल, तर एक-दोन महिन्यांच्या मानधनाएवढी रक्कम आवर्ती ठेवीतून बाजूला पडत राहील अशी व्यवस्था करणे आणि आरोग्यविमा स्वतः घेणे आवश्यक ठरते. खरेदीच्या भरपाईच्या रकमा आणि मानधन वेगळ्या बचत खात्यात जमा होत असल्यास, आजारपणात राहून गेलेली येणी शोधणेही सोपे जाते.

घरी पडून असलेल्या माणसाला ‘बसल्या जागी मिस्टरी शॉपिंग’चे आमिष दाखविणारे संदेश येतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. खऱ्या संस्था काम देण्यासाठी नोंदणी शुल्क किंवा अनामत रक्कम मागत नाहीत, आणि ओटीपी तर नाहीच नाही. नेहमीचा शेड्यूलर रजेवर असल्याचे सांगून अनोळखी क्रमांकावरून कोणी पैसे भरावयास सांगितले, तर संस्थेच्या जुन्या, खात्रीच्या क्रमांकावर विचारणा करावी. पैसे गेलेच असतील, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर आणि आपल्या बँकेत तक्रार नोंदवावी.

शेड्यूलरच्या बाजूनेही काही अपेक्षा आहेत. निरोप मिळाल्याची पोच द्यावी, भेट मोकळी केल्याचे स्पष्ट कळवावे, आणि वेळेत कळवून सोडलेली भेट व न कळविता बुडविलेली भेट यांची नोंद एकाच रकान्यात करू नये. पोच आली नाही, तर भेट आपल्याच नावावर आहे असे समजून गुप्त ग्राहकाने संस्थेच्या कार्यालयात पुन्हा एकदा फोन करावा. स्वतःला बोलवत नसेल, तर घरातील कोणी कामाचा क्रमांक सांगून हा फोन केला तरी चालतो. त्यासाठी हातातील भेटींची यादी आणि शेड्यूलरचा क्रमांक एका कागदावर लिहून तो घरच्यांना सापडेल अशा जागी ठेवलेला असावा.